जुन्या पद्मिनीत हिरवे कूलंट: सोळा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरी १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवीन घेतली आणि ते असेपर्यंत तिच्या रेडिएटरमध्ये नळाच्या पाण्याखेरीज दुसरे काही गेले नाही. गेल्या दोनेक वर्षांत मी तिच्यात दोन प्रकारची कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळायची द्रवे, वापरून पाहिली. पहिले चार महिन्यांत काढावे लागले. दुसऱ्याला सोळा महिने झाले, गाडी त्यावर सुमारे ७,२०० किलोमीटर चालली आणि ते अजून आत आहे. डब्यांवरची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीचे दोन्ही प्रकार दुकानात शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि जुन्या गाडीला काय मानवेल हे त्या प्रकारावरूनच ठरते.

पहिल्या वेळी मी रंग पाहून फसलो. दुकानदाराने नारिंगी डबा पुढे केला, पाच वर्षे बघायला नको म्हणाला, आणि मी तो घेतला. रंग हा कारखान्यात मिसळलेला नुसता रंग असतो, त्याला कोणतेही बंधनकारक प्रमाण नाही, हे मला नंतर कळले. हिरव्या रंगात सेंद्रिय आम्लांचे कूलंटही मिळते आणि जुन्या पद्धतीचे सिलिकेटचेही. डब्यामागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय आत काय आहे ते समजत नाही, आणि काही डब्यांवर ती वाचूनही समजत नाही.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सगळे जोड शिसे-कथिलाच्या डाखाचे आहेत. इतक्या धातूंना एकच द्रव सतत धूत राहतो. तो क्षारयुक्त असला की या सगळ्यांची मिळून एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि त्यांतला दुबळा धातू झिजू लागतो. ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला गोठण रोखणारा मूळ द्रव, दोन्ही प्रकारच्या डब्यांत जवळपास सारखेच असते. खरा फरक गंज रोखणाऱ्या रसायनांत आहे. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयएटी प्रकारच्या कूलंटमधील सिलिकेट आतल्या धातूंवर लगेच पातळ थर धरते, मात्र दोनेक वर्षांत ते खर्ची पडते. ओएटी प्रकारातील सेंद्रिय आम्ले जेथे गंज सुरू होतो तेथेच काम करतात, म्हणून पाच वर्षे टिकतात. पण ती सावकाश काम करतात, आणि जुन्या रेडिएटरमधील शिशाच्या डाखाशी व काही जुन्या सीलांशी त्यांतल्या काही मिश्रणांचे जमत नाही.

माझा नारिंगी डबा याच ओएटी प्रकारचा होता. गाडीत चौथ्या महिन्यात रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या जोडावर पांढरट-हिरवट पूड दिसू लागली आणि सकाळी खाली दोन-तीन थेंब सापडू लागले. जोड तीस वर्षांचा होता, त्यामुळे सगळा दोष कूलंटच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शिवाय वर्षानुवर्षे साचलेला गंजच बारीक छिद्रे बुजवून बसलेला असतो आणि पाण्याऐवजी कूलंट आले की तो सुटतो, हेही तितकेच खरे. तरीही रेडिएटरवाल्याने टाकी उघडून दाखवली, तेव्हा डाखाची कड कुरतडल्यासारखी खडबडीत झालेली दिसली आणि मी प्रकार बदलायचे ठरवले. त्याने नळ्यांचे रॉडिंग केले, म्हणजे त्यांत सळई घालून गाळ काढला, जोड नव्याने डाखले आणि दाब देऊन तपासले.

आमच्या मेकॅनिकचे मत वेगळे होते. "काका, आपल्याकडे कुठं बर्फ पडतोय? पाणीच बरं," असे तो म्हणाला, आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, याचा पुण्यात काडीचा उपयोग नाही. उष्णता वाहून नेण्यात तर साधे पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. पण त्याने बिडाच्या ब्लॉकला गंज चढतो, आणि महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर ते साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण धड असेल, तर दर एक पीएसआय (दाबाचे एकक) दाबामागे उकळबिंदू दीड अंशाहून थोडा अधिक वर सरकतो. आमच्या झाकणाची स्प्रिंग ढिली पडली होती आणि ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात काम काढले. रेडिएटरची तोटी उघडल्यावर सुरुवातीला नारिंगी कूलंट आले आणि त्यामागून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखे पाणी. ब्लॉकची तोटी उघडूनही काहीच येईना. तिच्यात सायकलच्या स्पोकची तार घातली, तेव्हा आधी ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा गाळ बोटभर बाहेर आला आणि मग धार लागली. पाणी नितळ येईपर्यंत सहा वेळा भरले आणि सोडले. शेवटच्या दोन वेळा बॅटरीत घालायचे डीएम, म्हणजे क्षार काढलेले, पाणी वापरले, कारण कितीही सोडले तरी ब्लॉकमध्ये थोडे पाणी उरतेच आणि आमच्याकडचे बोअरचे पाणी इतके जड आहे की त्यातील कॅल्शियम सिलिकेट-फॉस्फेटशी मिळून पुन्हा थर धरते.

हे उरलेले पाणी हिशेबात न धरल्यामुळेच अनेकांचे मिश्रण पातळ होते. माझ्या मोजणीप्रमाणे आमच्या गाडीत एकूण पाच लिटरच्या आसपास द्रव बसतो आणि त्यातले दीड लिटर ब्लॉकमध्येच राहते. तयार मिश्रण ओतले असते, तर ते या पाण्याने विरळ झाले असते. म्हणून मी आयएस ५७५९ या भारतीय मानकाचा उल्लेख असलेले, सिलिकेट असल्याचे स्पष्ट लिहिलेले हिरवे कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेले कूलंट) घेतले, आधी ते दोन लिटर ओतले आणि वर डीएम पाण्याने भरून घेतले. म्हणजे चाळीस टक्के झाले. एक तृतीयांशाच्या खाली गेल्यास गंजरोधकांचे प्रमाण अपुरे पडते, आणि निम्म्याच्या वर जाण्याचे आपल्या हवेत कारण नाही.

त्याच वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच द्रव रेडिएटरकडे सोडणारी झडप, परत बसवला. गाडी गरम होते म्हणून तो कोणीतरी कधीच काढून टाकला होता, आणि इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त पीत होते. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी तो दोऱ्याने पातेल्यात टांगला, थर्मामीटर धरून पाणी तापवले; ८२ अंशांना त्याने तोंड उघडायला सुरुवात केली. ते पातेले स्वयंपाकघरात परत घ्यायला सौभाग्यवतींनी ठाम नकार दिला. हवा काढण्यासाठी गाडी चढावर तोंड करून उभी केली, झाकण काढून इंजिन चालू ठेवले आणि वरचा होज पाइप हाताला गरम लागेपर्यंत बुडबुडे निघू दिले.

यानंतरचे सोळा महिने अगदी निर्वेध गेले असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या महिन्यात वॉटर बॉडीचे, म्हणजे द्रव फिरवणाऱ्या पंपाचे, सील गळू लागले आणि ती बदलावी लागली. होज पाइपच्या दोन क्लिपांशी पांढरे कडक पापुद्रे धरले होते. क्लिपा आवळल्यावर ते पुन्हा आले नाहीत. त्यानंतर आजतागायत मला मिळून तीनशे मिलिलिटर वर घालावे लागले. पूर्वी आठवड्याला अर्धा लिटर पाणी लागत असे. ओव्हरफ्लोची नळी जमिनीकडे सोडलेली होती, ती आता एका प्लॅस्टिकच्या बाटलीत घातली आहे आणि झाकणही द्रव परत ओढून घेणारे बसवले आहे, याचाही त्यात वाटा आहे.

मे महिन्यात चौघे जण आणि सामान घेऊन पसरणी घाट चढलो. वाईत सावलीलाही उकाडा असह्य होता आणि घाटात एका बंद पडलेल्या ट्रकमागे वीस मिनिटे पहिल्या गिअरमध्ये सरकत होतो. तापमानाचा काटा मध्याच्या थोडा वर गेला आणि तेथेच थांबला. त्याच घाटात आमच्या लहानपणी बाबा दर वेळी बॉनेट उघडून कपडा गुंडाळलेल्या हाताने झाकण सोडत आणि वाफेचा लोट उठे. तरी याचे सगळे श्रेय मी कूलंटला देणार नाही. स्वच्छ झालेल्या नळ्या आणि नवे झाकण यांचा वाटा बहुधा त्याहून मोठा असावा.

दर चार महिन्यांनी आम्लता दाखवणारी पीएचची पट्टी आणि घनतेवरून ग्लायकॉल मोजणारा हायड्रोमीटर लावून पाहतो. पीएच सुरुवातीला नऊच्या जवळ होता, आता आठ आहे. ग्लायकॉलचे प्रमाण हलले नाही. काचेच्या बरणीत काढलेला नमुना अजून स्वच्छ हिरवा दिसतो; तळाशी मात्र चिमूटभर तपकिरी गाळ बसतो, तो बहुधा ब्लॉकमधला जुनाच असावा.

शेजाऱ्यांनी हे सगळे पाहून हाच डबा त्यांच्या नव्या गाडीत ओतायची तयारी केली, तेव्हा मी त्यांना थांबवले. अॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या गाडीत तिच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घालावे. अनेक जपानी बनावटीच्या गाड्यांना तर सिलिकेट नसलेले, फॉस्फेटयुक्त मिश्रण लागते. आधीचे पूर्ण न काढता दोन प्रकार एकत्र केले, तर गंजरोधकांचे आयुष्य घटते आणि कधीकधी जेलीसारखा गाळही धरतो.

आमच्या गल्लीत मांजरे फार आहेत. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, म्हणून काढलेले जुने द्रव मी उघड्या घमेल्यात ठेवत नाही आणि गटारातही सोडत नाही. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवतो.

या कूलंटची दोन वर्षे येत्या दसऱ्याला पूर्ण होतील. तेव्हा रसायने शिल्लक दिसली तरी ते बदलणार आहे, आणि त्याबरोबर ब्लॉकची तोटीही, कारण तारेची काडी घातल्याशिवाय ती अजूनही वाहत नाही.