"सर, मी तुमचा विद्यार्थी": भिंतीच्या इन्सुलेशनमध्ये झालेली फसवणूक

सातवीच्या पोरांना मी वर्षानुवर्षं एक गणित घालायचो. खोलीची लांबी, रुंदी, उंची दिलेली. दार एवढं, खिडक्या एवढ्या. भिंती रंगवायचा खर्च काढा. दार-खिडक्या वजा करायला जो विसरेल त्याचे गुण कापायचो. गेल्या वर्षी मला 87 हजारांना टोपी घातली गेली, आणि सुरुवात याच गणितापासून झाली. लाज वाटते, पण उन्हाळा तोंडावर आलाय आणि हे इन्सुलेशनवाले, म्हणजे भिंतीला उष्णता अडवणारा थर लावून देणारे, पुन्हा दारोदार फिरू लागलेत, म्हणून सांगतो.

घर परभणीत, वसमत रोडकडे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. हॉल आणि झोपायची खोली, दोन्हींच्या भिंती पश्चिमेला. माझं बालपण माळवदाच्या घरात गेलं. दोन-दोन हात रुंद मातीच्या भिंती, वैशाखातही आत गारवा. आताची भिंत नऊ इंची विटांची. दिवसभर ऊन पिते आणि आपण अंथरुणाला पाठ टेकली की ते बाहेर सोडायला लागते. रात्री 11 ला हात लावला तरी भिंत गरम. हिला रक्तदाबाचा त्रास आहे, त्यामुळे काहीतरी करायचं ठरलंच होतं.

मार्चमध्ये एक जण आला. आत आल्या आल्या पाया पडला. "सर, वळखलं नाही का? मी तुमचा विद्यार्थी." माझ्या गंगाखेड तालुक्यातल्या शाळेचं नाव त्याने बरोबर घेतलं. मास्तरला यापेक्षा काय हवं असतं? चेहरा आठवेना, पण हजारो पोरं हाताखालून गेली, असेल एखादा मागच्या बाकावरचा. हिने पोहे केले.

त्याने पिशवीतून रॉकवूलचा स्लॅब काढला, मागे हॅलोजन लावला. "लावा हात सर, काही लागायलंय का?" नाही लागत. त्यात खोटं काही नव्हतं. दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा स्लॅब, 50 मिलिमीटर जाड, 48 घनतेचा, म्हणजे एका घनमीटरला 48 किलो. उष्णता अडवण्याच्या हिशेबात एवढा स्लॅब आमच्या नऊ इंची भिंतीच्या चौपट-पाचपट भरतो. शिवाय जळत नाही. भिंतीवर जीआय चॅनेलची, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट, मध्ये स्लॅब, वरून जिप्सम बोर्ड. दर मालासहित 165 रुपये चौरस फूट. नमुना अस्सल होता, भिंतीत काय गेलं ते पुढे सांगतो.

माप त्याने लेझरच्या यंत्राने घेतलं. लाल ठिपका भिंतीवर नाचला, आकडे आले, मी मान डोलावली. व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन आलं: 528 चौरस फूट, 87,120 रुपये. "सरांकडून वरचे 120 नको."

आता तो हिशेब उलगडतो. तीन भिंती, लांबी 12, 11 आणि 16 फूट, उंची 10. झाले 390. यातून तीन खिडक्या आणि बाल्कनीचं दार मिळून 77 जायला हवे होते, गेले नाहीत. उरायला हवे होते 313. उलट खिडक्या-दाराच्या कडांचे 69 रनिंग फूट, म्हणजे नुसती लांबी, त्याने 69 चौरस फूट म्हणून मिळवले. कड असते जेमतेम 4 इंच रुंद, म्हणजे खरे 23 चौरस फूट. मग या सगळ्यावर 15 टक्के वेस्टेज. तुकडे पडतात, कापाकापी होते, हे खरंच. पण वेस्टेज हा माल मागवतानाचा हिशेब. माल आपण आणून देणार असू तर 5 ते 10 टक्के जास्त घ्यायचा. मालासहित दर ठरला असेल तर पैसे तयार भिंतीचेच. 313 अधिक 23, झाले 336. बिल व्हायला हवं होतं 55,440. साडेएकतीस हजार नुसत्या मापात गेले, आणि माल अजून दारात यायचा होता.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "सर, 18 टक्के जीएसटी कशाला भरता?" मीही गप्प बसलो. हा माझा दोष, तो लपवत नाही. पैसे यूपीआयने दिले, तेही त्याच्या "मेहुण्याच्या" नंबरवर. 50 हजार आगाऊ, बाकीचे पैसे काम संपल्यावर.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर चार-सहा स्लॅब बसवले, तेवढे खरे निघाले. नंतर "सर, हे तंतू लई खाजतात, छातीत जातील, तुम्ही बाहेर बसा." तंतू खाजतात हेही खरंच. बसलो बाहेर. तीन दिवसांत काम झालं, भिंती गुळगुळीत, पुन्हा पाया पडून गेला.

एक खूण तेव्हाच डोळ्यांसमोर होती. 50 मिलिमीटरचा स्लॅब आणि साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड म्हणजे भिंत किमान अडीच इंच पुढे यायला हवी. आमची आली दीड इंच. खोली फारशी लहान झाली नाही म्हणून आम्ही दोघं खूशच झालो! दुसरी खूण मोजणीची. मीटर बाय 60 सेंटिमीटरचा स्लॅब साधारण साडेसहा चौरस फूट झाकतो. आम्हाला पन्नासेक लागले असते. घरात किती आले, मी मोजलेच नाहीत. आणि असा 48 घनतेचा स्लॅब 1 किलो 440 ग्रॅमच्या आसपास भरतो. रद्दीवाल्याचा काटासुद्धा पुरला असता.

मे उजाडला, पारा 44 च्या पुढे गेला, खोली होती तशीच. इन्व्हर्टरचा पॉइंट काढायला वायरमन आला. त्याने बोर्डाला भोक पाडलं आणि पांढरे मणी भुरभुर खाली पडले. "सर, याच्यात तर थर्माकोल हाय की." टीव्हीच्या खोक्यात येतो तसला, इंचभर जाड. वायरीला खेटून थर्माकोल बघून तोच घाबरला, कारण तो पेटला की काळा, विषारी धूर सोडतो. त्यानेच आणखी एक गोष्ट सांगितली. वरच्या मजल्याला सगळ्यात जास्त ताप छताच्या स्लॅबचा. डोक्यावर उघडी गच्ची आणि तुम्ही भिंती झाकत बसलात. गच्चीवर चुन्यात फेविकॉल घालून दोन हात मारले. थोड्या हजारांत काम झालं, आणि पंखा गरम वारा फेकायचा थांबला.

त्या "विद्यार्थ्याला" फोन केला तर "गावाकडं हाय सर, आलो की बघतो." नंतर तेही बंद. शाळेच्या जुन्या पोरांना विचारलं. त्या नावाचा कुणीच नाही. मग शाळा कशी कळली? हिने हॉलमधल्या शोकेसकडे बोट दाखवलं. निरोप समारंभाचं सन्मानचिन्ह, शाळेचं नाव ठसठशीत कोरलेलं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पक्कं बिल नसलं तरी कोटेशनचा मेसेज आणि यूपीआयच्या नोंदी आहेत. त्यांच्या प्रिंट काढल्यात. झोपायच्या खोलीतली एक भिंत फोटो काढत काढत उघडली. निघालेला थर्माकोल गच्चीच्या जिन्यात रचून ठेवलाय. ऑगस्टमध्ये गल्लीतली पोरं तो गणपतीच्या मखराला मागायला आली. म्हटलं, अरे, 2018 पासून त्यावर बंदी आहे, आणि हा पुरावा आहे, हात लावू नका.