रविवारचा सम्मादिट्ठीचा क्लास: चार स्टार, एक झेरॉक्सपायी कापला

आमच्या एरियातल्या विहारात यंदा वर्षावासात (पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात तो काळ) दर रविवारी सकाळी सम्मादिट्ठी सुत्ताचा, म्हणजे सम्यक दृष्टी (योग्य समज) यावरच्या पाली प्रवचनाचा क्लास होता, ८ रविवार, फी नाही, जमेल ते धम्मदान पेटीत टाकायचं. मी गेलो ते खरं सांगायचं तर वादाची तयारी करायला. मेव्हणा १० दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलाय, मी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलाय, जेवायला बसलो की आमची जुंपतेच, म्हटलं सम्यक दृष्टी म्हणजे नेमकं काय ते पक्कं करून येऊ आणि त्याला गप्प करू.

पहिल्याच रविवारी पचका. वंदना झाल्यावर भन्तेजींनी विचारलं सम्यक दृष्टी म्हणजे काय, मी लगेच हात वर, आर्यसत्यं (दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत, त्याचा मार्ग) वगैरे घडाघडा म्हणून दाखवलं. ते म्हणाले छान, आता सांगा इथे येताना कुणावर चिडलात का? रिक्षावाल्याशी १० रुपयांवरून हुज्जत घालूनच आलो होतो हो.

मज्झिम निकाय या पाली प्रवचनांच्या संग्रहातलं हे ९वं सुत्त, बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त जेतवन विहारात भिक्खूंना सांगतायत, आणि गंमत म्हणजे सुरुवात आर्यसत्यांपासून नाहीच. आधी अकुशल (वाईट कर्म) काय नि त्याचं मूळ काय, कुशल काय नि त्याचं मूळ काय. अकुशल १०, हत्या-चोरीपासून ते चहाडी आणि फालतू बडबडीपर्यंत, शेवटचं मिथ्या दृष्टी. मुळं मात्र तीनच, लोभ, द्वेष, मोह. मग पुढे आहार (जगणं ज्यावर टिकतं ते), दुःख, जरामरणापासून (म्हातारपण-मरण) एकेका कारणाने मागे मागे जात अविद्या, आणि मग आसव (मनातले खोलवरचे मळ), आणि प्रत्येकाला तेच चार प्रश्न, हे काय, कशामुळे, थांबतं कसं, थांबवायचा मार्ग कोणता.

होमवर्क भारी होता. आठवडाभरात जे बोलून वाईट वाटलं ते वहीत लिहायचं आणि समोर त्याचं मूळ. माझी नोंद, मंगळवार, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून लांबलचक मेसेज, मूळ: द्वेष. भन्तेजींनी वाचलं आणि एवढंच विचारलं, किती जणांनी अंगठा दिला ते किती वेळा उघडून बघितलं? मी गपचूप द्वेषाच्या पुढे लोभ लिहिलं.

एका ताईंनी विचारलं, बाबासाहेबांनी सम्यक दृष्टीत कर्मकांड आणि शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास सोडायला सांगितलाय, मन मुक्त ठेवायला सांगितलंय, मग इथे ते का नाही? भन्तेजींनी टाळलं नाही, ग्रंथ आणि सुत्त शेजारी ठेवून अर्धा तास बोलले, अविद्या घालवायची हे दोन्हीकडे आहे ते दाखवलं. ते पटलं. पण पुनर्जन्माचा विषय निघाला तेव्हा उत्तर गुळमुळीत वाटलं, मला तरी.

आता तक्रारी. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे जरामरण ते अविद्या ही कारणांची साखळी, सगळ्यात अवघड भाग, शेवटच्या दोन रविवारात कोंबला. माईक कुरकुरतो. आणि पालीची झेरॉक्स इतकी फिकट की 'लोभो अकुसलमूलं' (लोभ हे अकुशलाचं मूळ) यातलं 'लोभो' आमची अख्खी मागची रांग 'लाभो' वाचत होती, कुणाला काही खटकलंही नाही. चपला आत पिशवीत घेऊन बसा, पावसात बाहेर भिजतात. शेवटच्या रविवारची खीर मस्त.

पुढच्या वर्षी मेव्हणा पण येतो म्हणतोय. तो भांडायलाच येणार, मी त्याच्यासाठी वही घेऊन ठेवलीय.