फिलाडेल्फिया फेडचा उत्पादन सर्व्हे: फुकट आहे, पण नुसता मथळा वाचू नका

एखाद्या पट्ट्यातले कारखाने कसे चाललेत, हे सरकारी आकडे यायच्या आत कळायला हवं असेल, तर अमेरिकेत ज्या गोष्टींकडे नजर जाते त्यांत फिलाडेल्फिया फेडरल रिझर्व्ह बँकेचा (‘फेड’ म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, ही तिची एक विभागीय बँक) मासिक सर्व्हे मानाचा. मे 1968पासून चालू आहे. न्यूयॉर्क फेडचा ‘एम्पायर स्टेट’ सर्व्हे त्यामानाने पोरसवदा, 2001चा. सगळी जुनी मालिका एक्सेलमध्ये फुकट उतरवता येते. आमच्या मते पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला, ते पुढे येईलच.

आधी हद्द बघा. हा सर्व्हे फेडच्या तिसऱ्या जिल्ह्याचा, म्हणजे या बँकेच्या कार्यक्षेत्राचा आहे: पूर्व आणि मध्य पेनसिल्व्हेनिया, दक्षिण न्यू जर्सी आणि डेलावेअर. पिट्सबर्ग यात नाही, ते क्लीव्हलँड फेडकडे जातं. त्यामुळे ‘पेनसिल्व्हेनियातले कारखाने मंदावले’ असा निष्कर्ष इथून काढला, तर तो राज्याच्या एका भागापुरताच खरा.

फॉर्म छोटा असतो आणि यशाचं गमक तेच. एकूण व्यवसाय, नव्या ऑर्डरी, माल रवानगी, हातातल्या, अजून पूर्ण न केलेल्या ऑर्डरी, डिलिव्हरीला लागणारा वेळ, साठा, कच्च्या मालाचे भाव, विक्रीचे भाव, कामगारसंख्या, कामाचे तास. प्रत्येकापुढे एवढंच विचारतात: मागच्या महिन्यापेक्षा वाढलं, तेवढंच राहिलं की घटलं? आणि आजपासून सहा महिन्यांनी काय होईल? रुपये-डॉलरचा हिशेब द्यायचा नसल्यामुळे मॅनेजर फॉर्म बाजूला टाकत नाही. ‘वाढलं’ म्हणणाऱ्यांच्या टक्क्यांतून ‘घटलं’ म्हणणाऱ्यांचे टक्के वजा केले, हंगामी चढउतार काढून टाकले, की निर्देशांक तयार. शून्याच्या वर वाढ, खाली घट. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या इंडस्ट्रियल आउटलुक सर्व्हेत हीच वजाबाकी ‘नेट रिस्पॉन्स’ म्हणून येते, पण तो तिमाही आणि देशपातळीवरचा. चाकण किंवा बुटीबोरीचा अंदाज त्यातून बांधता येत नाही.

आता खोट कुठे आहे ते. समजा 10 टक्के कंपन्या ‘वाढलं’ म्हणाल्या आणि 90 टक्के ‘तेवढंच’; निर्देशांक 10. दुसऱ्या महिन्यात 45 टक्के ‘वाढलं’, 35 टक्के ‘घटलं’. निर्देशांक पुन्हा 10! पहिला महिना शांत, दुसऱ्यात निम्मा बाजार तेजीत आणि उरलेल्यातला बराचसा अडचणीत. मथळ्यात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून अहवालातला टक्केवारीचा तक्ता उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी चूक जास्त महागात पडते. हा आकडा पातळी सांगत नाही, किती जणांकडे बदल झाला ते सांगतो. एप्रिल 2020मध्ये एकूण व्यवसायाचा निर्देशांक उणे 56.6 जाहीर झाला, मेमध्ये उणे 43.1, आणि जूनमध्ये एकदम अधिक 27.5. म्हणजे जूनमध्ये कारखाने पूर्ववत झाले का? छे. मेच्या खड्ड्यापेक्षा जरा वर आलो, असं सांगणारे जास्त होते, इतकंच.

शिवाय मथळ्याचा आकडा इतर प्रश्नांची सरासरी नाही. ‘एकूण व्यवसाय कसा?’ या स्वतंत्र प्रश्नाचं ते उत्तर, त्यामुळे त्यात मूड बराच मिसळलेला. मूड खराब, पण नव्या ऑर्डरी आणि रवानगी ठीक, असे महिने येतात. तेव्हा आम्ही ऑर्डरींवर विश्वास ठेवू. अमेरिकेतल्या आयएसएम या संस्थेच्या देशपातळीवरच्या, 50 मध्यबिंदू असलेल्या कारखाना-निर्देशांकाशी ताडायचं तर नव्या ऑर्डरी, रवानगी, कामगार, डिलिव्हरीचा वेळ आणि साठा या पाचांची सरासरी काढा, तिला दोनने भागा आणि 50 मिळवा. डिलिव्हरीच्या वेळेवर मात्र लक्ष ठेवा. वेळ वाढला की तो तेजीचा गुण धरला जातो, पण माल बंदरात अडकला म्हणूनही वेळ वाढतो. 2021मध्ये असे आकडे त्यामुळेच फुगले होते.

नमुना लहान, हे पाचवा तारा कापण्याचं कारण. 100 उत्तरं धरली आणि त्यांतल्या पाच कंपन्या ‘वाढलं’वरून ‘घटलं’वर गेल्या, तरी निर्देशांक 10 अंकांनी हलतो. एका महिन्याच्या उडीवर काही ठरवू नका, तीन महिन्यांची सरासरी घ्या. सहा महिन्यांनंतरचा अंदाज तर बहुतेक वेळा गोडच असतो. तो शून्याशी नव्हे, त्याच्याच जुन्या सरासरीशी ताडा.

वेगाला मात्र तोड नाही. चालू महिन्याचा निकाल साधारणपणे त्याच महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी येतो, भारतात उन्हाळी वेळेत संध्याकाळी 6 आणि हिवाळ्यात 7 वाजता. औद्योगिक उत्पादनाचा सरकारी आकडा पुढच्या महिन्याच्या मध्यावर. अर्थात उत्तरं महिन्याच्या पूर्वार्धात गोळा होतात, तेव्हा 20 तारखेला काही घडलं तर ते यात शोधू नका.

आणि जानेवारीत हंगामी चढउतार काढायचे गुणक बदलले की मागचे आकडेही बदलतात. जुन्या बातमीतला आकडा आणि आजच्या फाइलमधला आकडा जुळला नाही, तर आपलीच फाइल चुकली म्हणून डोकं खाजवत बसू नका.