बार्शीत होम लोनचा एजंट धरला, त्याला नऊ महिने झाले

माझं हार्डवेअरचं दुकान. रिटर्नमध्ये वर्षाचं उत्पन्न पावणेचार लाख, आणि जुनं रो-हाऊस घ्यायला कर्ज हवं होतं 24 लाखांचं. ज्या बँकेत वीस वर्षं करंट खातं आहे, तिथल्या साहेबांनी रिटर्न पाहिलं आणि चहा पाजून वाटेला लावलं. मग एजंट शोधणं आलं.

आमच्याकडे निव्वळ होम लोनवर पोट असलेला माणूस सापडत नाही. कुणी एलआयसी करता करता कर्जं करतो, कुणी सीएकडे कामाला असतो. एक तर दिवसा प्लॉट विकतो आणि संध्याकाळी त्याच प्लॉटवर कर्ज काढून देतो. त्याला मी लांबूनच नमस्कार केला. शेवटी सर्च रिपोर्ट, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या कागदांची तपासणी, काढणाऱ्या वकिलांना विचारलं. कुणाच्या फायली परत येतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांनी सांगितलेला पोरगा धरला.

कामाला वाघ, हे कबूल. सातबाऱ्यावर विकणाऱ्याच्या दोन बहिणींची नावं तशीच होती. हक्कसोडपत्र कधीच झालेलं, पण फेरफार कुणी घातलाच नव्हता. मी एकटा असतो तर तलाठी ऑफिसचे हेलपाटे घालून चप्पल झिजवली असती. यानं नोटिशीचे 15 दिवस धरून पाच आठवड्यांत नोंद मंजूर करून आणली. शिवाय नुसत्या रिटर्नवर न जाता जीएसटी आणि खात्यातली उलाढाल कोण बघतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं एक हाउसिंग फायनान्स कंपनी गाठली, म्हणजे घरकर्ज देणारी, पण बँक नव्हे. तिचा माणूस दुकानात आला, पेंटच्या डब्यांचे फोटो काढले आणि शेजारच्या सलूनवाल्याला विचारून गेला, 'हे दुकान किती वर्षांचं?' जानेवारीत कर्ज मंजूर. साडेनऊ टक्के, 20 वर्षं.

आता रडगाणं.

एके दिवशी मी खिळे तोलत होतो, याचा फोन. "शेठ, तेवढा ओटीपी सांगा." सांगितला. अर्ध्या तासात आणखी दोन. नंतर सिबिल काढून पाहिलं तर त्या एका दिवसात तीन ठिकाणी चौकशी पडलेली आणि स्कोअर 762 वरून 741. फाईल तीन दारांत टाकायची होती तर आधी विचारायचं ना.

'फाईल चार्ज' म्हणून 5,000 रोख घेतले, पावती नाही. कर्ज वाटप झालं की एजंटला कमिशन कंपनीच देते, हे मला नंतर कळलं. तुम्ही देऊ नका.

आणि विमा. हप्ता 22,371 सांगितलेला, खात्यातून गेले 23,098. दुसऱ्या हप्त्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कर्जात 78,000 चा एकरकमी हप्त्याचा विमा मिसळला होता. चाळीस सह्यांच्या गठ्ठ्यात 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी-खर्चाचा कागद, होता, त्यात तो आकडा स्वच्छ छापलेला होता. वाचला नाही तो मीच. या 78,000 पायी 20 वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास जाणार. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, ते दिवसही निघून गेलेले. एजंट म्हणाला, "विम्याशिवाय फाईल होतच नाही." कायद्यात अशी सक्ती नाही.

व्याजाचं दुखणं याहून मोठं. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, फेब्रुवारी 2025 मध्ये 6.25 टक्के झाला, एप्रिलमध्ये 6, जूनमध्ये 5.50. मेव्हण्याचं कर्ज बँकेचं, रेपोला जोडलेलं. त्याचा दर उतरत गेला. माझा जागचा हलला नाही. बँकांना ऑक्टोबर 2019 पासून नवं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, होम लोन रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावंच लागतं. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्याच हातात. दर कमी करून मागितला तर 'कन्व्हर्जन फी भरा'. हे एजंटनं फोड करून सांगायला हवं होतं. पण ज्यांच्याकडून त्याला कमिशन, त्यांच्याबद्दल तो कसा बोलणार?

पाचांत तीन तारे देतो, त्यातले अडीच त्या फेरफाराचे. कागदांत गाठी असतील तर असा माणूस हवाच. पगारदार असाल आणि कागद सरळ असतील तर थेट बँकेत जा.

कर्जवाटपानंतर सहा महिने फोन न उचलणारा हा गडी मागच्या आठवड्यात स्वतःहून दुकानात आला. "शेठ, दुसरीकडे ट्रान्सफर करू, फोरक्लोजर चार्ज लागत नाही, आणि या वेळी फाईल चार्जही नको." फोरक्लोजरचं, म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडल्याच्या दंडाचं, खरं आहे; व्यक्तीनं घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या होम लोनला तो लावता येत नाही. ट्रान्सफर झालं की त्याला पुन्हा कमिशन, हेही तितकंच खरं. मी म्हटलं, दर कशाला जोडलाय आणि त्यावर स्प्रेड, म्हणजे वरची टक्केवारी, किती, तेवढं लिहून पाठव. अजून मेसेज आलेला नाही.