लिंबू आणि पांढऱ्या चॉकलेटचे ट्रफल : कोकणच्या हवेत कोणता स्लॅब घ्यावा?

रत्नागिरीत बेकरीचे सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन पांढरे चॉकलेट मागितले, तर काउंटरवर जो स्लॅब येतो तो बहुतेक वेळा चॉकलेट नसतोच; ते असते कंपाउंड, म्हणजे वनस्पती चरबीवर बेतलेला स्वस्त पर्याय. दुकानदाराला फरक विचारला की "दोन्ही एकच हो, हा जरा स्वस्तातला" असे उत्तर मिळते, आणि केकवर ओतण्यापुरते पाहिले तर त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मात्र लिंबाच्या सालीचा स्वाद दिलेले, ओव्हनशिवाय होणारे ट्रफल, म्हणजे चॉकलेट आणि सायीचे मऊ गोळे, घरी करायचे ठरवले की सगळा डाव या स्लॅबवरच येतो, कारण या पदार्थात मैदा नाही, अंडे नाही, भाजणे नाही. चॉकलेट, साय आणि साल एवढ्यावरच त्याची चव उभी असते. म्हणून हे परीक्षण दोन्ही प्रकारच्या स्लॅबचे आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. एकाच कंपनीचे दोन्ही प्रकार बाजारात असू शकतात, त्यामुळे पुढच्या नावापेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचणे अधिक उपयोगाचे ठरते.

ती अक्षरे वाचणे अवघड नाही. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पांढऱ्या चॉकलेटमध्ये साखर, कोको बटर (कोकोच्या बियांतली चरबी) आणि दुधाची भुकटी हे तीन मुख्य घटक असतात. कोकोची तपकिरी पूड त्यात नसते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पांढऱ्या चॉकलेटमध्ये किमान २० टक्के कोको बटर आणि किमान १४ टक्के दुधाचे घनपदार्थ असावे लागतात. कंपाउंडमध्ये कोको बटरची जागा वनस्पती चरबी घेते, बहुधा पाम कर्नल तेलापासून घट्ट केलेली, आणि वेष्टनावर 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' असे लिहिलेले असते. किमतीतला फरक मोठा आहे. खऱ्या चॉकलेटला कंपाउंडच्या दुपटीहून अधिक पैसे मोजावे लागतात. पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः आयव्हरी कोस्ट आणि घाना येथे, कोकोचे पीक घटल्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोकोचा भाव टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा तर हे अंतर आणखी रुंदावले.

लेबल फाटलेले असेल किंवा दुकानदाराने मोठा स्लॅब फोडून सुटा तुकडा पिशवीत भरून दिला असेल, तरीही डोळ्यांना आणि बोटांना फरक कळतो. कोको बटरचा स्लॅब हस्तिदंती, किंचित पिवळसर असतो. कंपाउंड खडूसारखे पांढरेशुभ्र. खऱ्या चॉकलेटचा तुकडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात थोडा वेळ धरला की कडा बोथट होतात, बोटांवर तुपकट थर येतो आणि दुधाचा गोडसर वास लागतो. कंपाउंडचा तुकडा बराच वेळ ताठ राहतो आणि त्याचा वास घ्यायला गेले तर बहुतेक वेळा फक्त व्हॅनिला हाती लागते. जिभेवर हा फरक आणखी स्पष्ट होतो. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या उष्णतेपेक्षा थोडे खाली, एकदम वितळते. कंपाउंड वितळते खरे, पण टाळूला मेणचट थर ठेवून जाते.

लिंबाच्या ट्रफलमध्ये हाच मेणचटपणा सर्वांत जास्त खटकतो. लिंबाचा सुवास रसात फारसा नसून सालीच्या वरच्या रंगीत थरातील तेलग्रंथींत असतो, आणि त्यातील लिमोनीन हे मुख्य द्रव्य चरबीत विरघळणारे आहे. सायीत आणि कोको बटरमध्ये ते मुरते, चरबी तोंडात वितळली की मोकळे होते. चरबी चटकन वितळली तर सुवास एकदम उमलतो. रेंगाळली तर आधी नुसती साखर लागते आणि लिंबू मागाहून, मिणमिणते लागते. त्याच लिंबांची साल, तीच साय आणि तेच प्रमाण घेऊन दोन्ही स्लॅबचे ट्रफल शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा घरातल्या लहान मुलांनीही कोको बटरचे आधी संपवले. चवीच्या बाबतीत माझा कौल निःसंदिग्धपणे खऱ्या चॉकलेटला आहे.

आता प्रश्न हवेचा. जो गुण तोंडात हवा तोच किनारपट्टीवर बाधतो. मे महिन्यात दुपारचे तापमान ३३ अंशांच्या आसपास असते, गॅस पेटलेल्या स्वयंपाकघरात त्याहून अधिक, आणि सायीमुळे ट्रफलचे सारण कोको बटरच्या वितळणबिंदूच्या बरेच आधी सैल पडते. त्यामुळे पुण्यात किंवा बेंगळुरूत बसून लिहिलेली प्रमाणे इथे तशीच्या तशी चालत नाहीत. काळ्या चॉकलेटच्या ट्रफलला चॉकलेटच्या निम्मी साय चालते; पांढऱ्यात कोकोचे घनपदार्थ नसल्याने ते मुळातच मऊ असते आणि तिथे सायीच्या तिप्पट चॉकलेट लागते. ३०० ग्रॅम चॉकलेटला १०० मिलिलिटर साय आणि २५ ग्रॅम बिनमिठाचे लोणी हे प्रमाण थंडीत उत्तम जमते. फेब्रुवारीनंतर लोणी वगळावे, आणि मे महिन्यात सायही ८० मिलिलिटरवर आणावी. कंपाउंडला मात्र हे सगळे फारसे बाधत नाही. तेवढ्याच सायीत ते मेमध्येही गोळा धरते. हा त्याचा खराखुरा गुण आहे आणि तो मान्य करायला हवा.

सायीसाठी दुकानातली फ्रेश क्रीम, २५ टक्के स्निग्धांशाची, पुरेशी आहे. अमूलचा छोटा खोका कोकणातल्या तालुक्याच्या गावीही मिळतो. केकवर फेटून लावायची गोड, दुग्धरहित क्रीम मात्र यात घालू नये. तिच्यातही पाम कर्नलचीच चरबी असते, म्हणजे महागडे चॉकलेट आणून त्यात पुन्हा तेच मिसळल्यासारखे होते. घरच्या दुधाची साय वापरण्याचा मोह होतो, परंतु तिच्यात गुठळ्या राहतात आणि सारण रवाळ लागते.

लिंबाच्या निवडीत मात्र कोकण श्रीमंत आहे. कागदी लिंबाची साल पातळ असल्याने किसणी जरा जोरात फिरली की खालचा पांढरा, कडू भाग येतो. म्हणून बारीक किसणीवर एका जागी एकदाच, फळ फिरवत फिरवत किसावे. ३०० ग्रॅम चॉकलेटला तीन मध्यम लिंबांची साल पुरते. लोणच्यासाठी आणलेले ईडलिंबू याहून सोपे, कारण त्याची साल जाड, खडबडीत आणि तेलाने भरलेली असते. एकाच फळात काम होते आणि सुवास कागदीपेक्षा गोडसर येतो. भाद्रपदात गणपतीच्या माटवीला (मूर्तीच्या वर बांधलेल्या सजावटीच्या चौकटीला) टांगलेले तोरिंजन, म्हणजे पपनस, उतरवल्यावर त्याच्या सालीचा अगदी वरचा हिरवा-पिवळा पापुद्रा वापरून पाहावा. खोलवर किसले तर नॅरिंजिन या द्रव्याचा कडवटपणा सारणात उतरतो, वरवर किसले तर असा काही फुलांचा गंध येतो की पाहुणे ओळखू शकत नाहीत. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने किसताना हातात येत नाही. संत्रे न सोलता, थंडगार करून किसले की काम होते. चमकदार, मेण लावलेली आयात संत्री कोमट पाण्याने घासून धुवावीत.

रस घालावा का, असे हमखास विचारले जाते. सायीत घालू नये. लिंबाच्या आम्लाने दुधातील केसीन हे प्रथिन साकळते आणि पनीरच्या वाटेला लागते. आंबटपणा हवाच असेल तर चॉकलेट आणि साय एकजीव होऊन कोमट झाल्यावर एक लहान चमचा रस घालून हलक्या हाताने ढवळावा. पांढऱ्या चॉकलेटचा अतिगोडपणा त्याने कमी होतो. चिमूटभर मीठही तेच काम करते, आणि माझ्या मते अधिक चांगले करते.

कृतीत लक्ष द्यावे अशा जागा दोनच. किसलेली साल एक चमचा पिठीसाखरेबरोबर बोटांनी चोळली की साखर ओलसर होते आणि खोलीभर वास सुटतो. मग ती गरम सायीत घालून, झाकून, पाव तास ठेवावी, गाळावी आणि साय पुन्हा गरम करून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतावी. दोन-तीन मिनिटे हात न लावता ठेवून मधून बाहेर, लहान वर्तुळांत ढवळत जावे. दुसरी जागा उष्णतेची. दुधाच्या घनपदार्थांमुळे पांढरे चॉकलेट ४५ अंशांच्या पुढे रवाळ होऊ लागते, म्हणून ते उकळत्या पाण्यावर ठेवून वितळवण्यापेक्षा सायीच्या उष्णतेवरच सोपवलेले बरे. पाण्याच्या वाफेचे चार थेंब जरी कोरड्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये पडले तरी ते घट्ट, पिठूळ गोळा होते; आमच्याकडे पावसाळ्यात नुकतीच पुसलेली पातेलीही दमट असतात, हे ध्यानात ठेवावे. सारणातून तूप सुटलेले दिसले तर चमचाभर कोमट दूध घालून ढवळत राहावे. बहुतेक वेळा ते पुन्हा जुळून येते. या बाबतीत कंपाउंड अधिक सोशिक आहे, पण अतिउष्णतेने तेही बिघडतेच.

फ्रिजमध्ये चार तास ठेवल्यावर सारण वळायला घ्यावे. साधारण १४ ग्रॅमचा एक गोळा धरला तर वरील प्रमाणात तीसच्या आसपास ट्रफल होतात. पहाटे, पंखा चालू ठेवून, थंड पाण्यात बुडवून कोरडे पुसलेल्या हातांनी वळले की गोळे चिकटत नाहीत. वरून घोळवण्यासाठी वेंगुर्ल्याच्या भाजलेल्या काजूची भरड किंवा सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, दोन्ही लिंबाला साजतात. ओले खोबरे चुकूनही घेऊ नये, त्याने एका दिवसात वास येतो.

चॉकलेटचे कुरकुरीत कवच हवे असेल तर मात्र बाजी उलटते. खऱ्या पांढऱ्या चॉकलेटला चकाकी आणि कुरकुरीतपणा यावा म्हणून ते टेम्पर करावे लागते, म्हणजे ४० ते ४५ अंशांना वितळवून २६-२७ अंशांपर्यंत थंड करायचे आणि २८-२९ अंशांना वापरायचे. ज्या स्वयंपाकघराचेच तापमान ३१ अंश आहे तिथे एसीशिवाय हे जमणे जवळपास अशक्य. कंपाउंडला टेम्पर करण्याची गरज नसते. वितळवा, बुडवा, थंड होऊ द्या, काम संपले. म्हणून आत खरे चॉकलेट आणि बाहेर कंपाउंडचे अगदी पातळ कवच ही तडजोड मी उन्हाळ्यात करतो. शुद्धतावाद्यांना ती पटणार नाही. त्यांनी डिसेंबरपर्यंत थांबावे.

साठवणीत दोन्ही प्रकारांना सारखीच शिस्त लागते. यात ताजी साय असल्याने हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये, आठवड्याच्या आत संपवणे योग्य. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडला तर दमट हवेतील बाष्प थंड गोळ्यांवर जमते, वरचे आवरण ओले होते आणि साखर विरघळून नंतर पांढऱ्या खरखरीत डागांनी सुकते. बंद डबाच दहा-पंधरा मिनिटे बाहेर ठेवून मग उघडावा. पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली तर कोको बटरचे गोळे एकमेकांना चिकटून डब्याचा आकार घेतात. चव बिघडत नाही, रूप बिघडते.

मागवण्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण कोको बटरचा स्लॅब जिल्ह्यातल्या दुकानांत क्वचितच असतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एप्रिलअखेरीस मागवलेला स्लॅब वितळून पुन्हा गोठलेल्या, कोपऱ्यांत साचलेल्या अवस्थेत हाती आला. तक्रारीवर 'उन्हाळ्यात जबाबदारी नाही' एवढेच उत्तर मिळाले, बर्फाच्या पिशवीचे पैसे मात्र आधीच घेतले होते. असा स्लॅब भुसभुशीत लागतो आणि नुसता खायला बरा नसतो. तरी वास खवट नसेल आणि आत पाणी शिरले नसेल तर ट्रफलसाठी तो निर्धास्त वापरता येतो, कारण सायीत वितळल्यावर चरबीची बिघडलेली घडण पुन्हा सारखी होते. त्यामुळे वर्षाचा साठा जानेवारीत मागवून, घट्ट गुंडाळून, मसाल्यांपासून दूर ठेवणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत स्वस्त मार्ग आहे. कोको बटर भोवतालचा वास पटकन ओढून घेते, आणि सुक्या बोंबलाच्या डब्याशेजारी महिनाभर राहिलेल्या स्लॅबला कोणतेही लिंबू वाचवू शकत नाही.