खेतवाडीतून मागवलेले ३१६एल फ्लँज : एक अभिप्राय

रासायनिक प्रकल्पातील आम्लवाहिनीसाठी मुंबईच्या खेतवाडी भागातील एका विक्रेत्याकडून आम्ही ३१६एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, क्लास १५० या दाबश्रेणीचे, ४ इंची वेल्ड नेक फ्लँज (पाइपच्या टोकाशी टोक भिडवून वेल्ड करायच्या, बोल्टने जोडता येणाऱ्या कड्या) घेतले. मालाचा दर्जा एकंदरीत समाधानकारक आहे. बाह्य व्यास, ८ बोल्टांची छिद्रे आणि त्यांचे वर्तुळ एएसएमई बी१६.५ या फ्लँजच्या अमेरिकी मानकाप्रमाणे अचूक जुळले, आणि गॅस्केट (गळती रोखणारी चकती) जिथे बसते त्या उंचावलेल्या पृष्ठभागावरील बारीक चऱ्याही एकसारख्या होत्या. प्रत्येक नगावर हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) कोरलेला होता व तो ३.१ प्रमाणपत्राशी (उत्पादकाच्या चाचणी दाखल्याशी) जुळत होता, ही बाब मला किमतीपेक्षा महत्त्वाची वाटते. कारण स्टेनलेस स्टीलच्या ३०४ आणि ३१६ या प्रतींमधला फरक डोळ्यांना दिसत नाही, तो २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममध्ये असतो आणि क्लोराइडशी गाठ पडली की मगच कळतो.

पाइपवर सरकवून बसवायचा स्लिप ऑन प्रकार स्वस्त पडला असता, परंतु वेल्ड नेकच्या सांध्याची रेडिओग्राफी (क्ष-किरणांसारख्या किरणांनी तपासणी) करता येते, म्हणून जादा खर्च योग्यच ठरला. मात्र खरेदीदारांनी एक लक्षात घ्यावे : साध्या तापमानाला क्लास १५० चा ३१६ फ्लँज १९ बार दाब सोसतो, तर ३१६एल, म्हणजे कमी कार्बनच्या ३१६ साठी ही मर्यादा १५.९ बारच आहे. विक्रेत्याने हे आपणहून सांगितले नाही. वेष्टनही तकलादू होते; काही नगांच्या पृष्ठभागावर ओरखडे आले होते, ते मात्र त्यांनी विनातक्रार बदलून दिले.