ओनो नो कोमाची की इझुमी शिकिबू?
भाचीला जुन्या जपानी दरबारी कविता वाचायच्यात, पण आधी कुणाच्या, यावर अडलीये.

चरित्र पाहिलं तर नवव्या शतकातल्या कोमाचीच्या वाट्याला बहुतेक दंतकथाच. इझुमी इ.स. १०००च्या आसपासची, सम्राज्ञी शोशीच्या पदरची. राजपुत्र आत्सुमिचीने नारिंगाच्या फुलांची डहाळी पाठवली, तिथून जुळलेलं प्रेम तिच्या रोजनिशीत आहे.

‘कोकिनशू’ या जुन्या दरबारी काव्यसंग्रहात कोमाचीच्या कविता १८च, पण काय घट्ट विणीच्या! तिच्या एका कवितेतलं ‘नागामे’ म्हणजे लांबलेला पाऊस आणि शून्यात लागलेली नजरही. फुलाचा रंग नि तारुण्य एकदमच ओसरतात. भाषांतरात हा श्लेष निसटतो, टीप लागतेच. इझुमीची लेक तिच्याआधी गेली. ते दुःख तिच्या कवितांतून टीपेविना पोचतं.

एकेक शब्द मनात घोळवायचा असेल तर कोमाची. कवितेमागचं माणूस भेटायला हवं असेल तर इझुमी. भाचीच्या हाती मी तीच दिली.